चाकावरचं हळदकुंकू

"आज तू मशीनला हात लावू नकोस. पूजा आहे."

सर हे माझ्याकडे न बघताच बोलले. खंडेनवमीचा दिवस. मी प्रयोगशाळेच्या दारात उभी, हातात ॲसिटोनची बाटली. बाकीचे दोघे विद्यार्थी आत होते, कपाळाला कुंकू लावून घेत होते. मी उंबऱ्याबाहेर. दोन वर्षं जे तांब्याचं चाक मी रोज घासत होते, त्याला सरांनी तेल लावलं, हळदकुंकवाची बोटं ओढली, कापूर पेटवला.

तो वास अजून माझा पिच्छा सोडत नाही. कुठेही कापूर पेटला की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. स्वतःच्या प्रयोगशाळेतसुद्धा! लाज वाटते, पण जातात.

सर झाशीच्या खंडेराव गेटजवळच्या जुन्या मराठी पुजारी घराण्यातले. झाशीत सगळे कारखाने विश्वकर्म्याला पुजतात, सर मात्र खंडेनवमी सोडत नसत. कॉलेजात सगळीकडे हिंदी. मी आले तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला, "आपली मराठी मुलगी मिळाली!" घरी जेवायलाही बोलावलं. मग एकदा विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं? आडनाव गावावरून पडलं का?" माझे बाबा बबीन्याच्या छावणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, प्रेमनगरात आमच्या दोन खोल्या, भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर. मी सगळं सरळ सांगितलं. आम्ही महार, आता बौद्ध.

"असं होय," सर म्हणाले. पुन्हा जेवायला बोलावलं नाही. गेलं उडत, मी म्हटलं, काम तर करू देतायत.

काम असं. लोखंड आणि बोरॉनचा वितळलेला रस गरगर फिरणाऱ्या चाकावर सोडायचा. तो क्षणात गार होतो, अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. चकचकीत पट्टी निघते. तिला धातूची काच म्हणतात, पण ती तडकत नाही, बोटाने घडी घातली तरी मोडत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यासाठी सोन्यासारखी वस्तू. माझा सगळा प्रबंध त्या पट्टीवर उभा होता.

दसरा झाल्यावर मी चाक पुसायला घेतलं. "पूजेचं आहे, आठ दिवस पुसायचं नाही," सर म्हणाले. तसंच चालवलं. पट्टी निघाली ती निस्तेज, तुकड्या-तुकड्यांत. वाकवली तर कट्कन मोडली. दुपारी एक्स-रे काढला. आत सगळे स्फटिक, म्हणजे अणू रांगेत बसलेले.

सर माझ्याकडे वळले.

"तुझा हात लागला असणार. नवमीला नको म्हटलं होतं ना?"

काय म्हणावं या माणसाला! भौतिकशास्त्राचा प्राध्यापक हा! त्यांनी नोंदवहीत लिहिलं, 'विद्यार्थिनीच्या हलगर्जीपणामुळे नमुना वाया.' पेन पुढे सरकवलं. "सही कर." ती सही केली असती तर माझी शिष्यवृत्ती थांबली असती आणि प्रबंधही तिथेच संपला असता. न करावी तर समोर सर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पेन तिथेच ठेवलं. पॉलिश पेपर घेतला, ॲसिटोन घेतलं, चाक घासायला लागले. कापूस लाल-पिवळा झाला. मशीन सांभाळणारे रामसेवक भैया कुजबुजले, "बिटिया, रहने दो. साहब नाराज हो जाएँगे."

"होने दो," मी म्हटलं.

मशीन सुरू केलं. लांबच लांब पट्टी आली, लखलखीत. सरांच्या नाकासमोर तिची घडी घातली. मोडली नाही. मग वहीत त्यांच्या ओळीखाली लिहिलं, 'चाकावर तेल व हळदकुंकू होतं. त्यामुळे रस सावकाश गार झाला. चाक पुसल्यावर पट्टी नीट आली.' खाली सही. पूर्ण आडनावासकट.

"ही ओळ खोड," सर हळू आवाजात म्हणाले. "नाहीतर दुसरा मार्गदर्शक बघ."

"बघते."

जिंकले का मी? छे. दुसऱ्या गावी, दुसऱ्या मार्गदर्शकाकडे पहिल्यापासून सुरुवात केली. वर्षं गेली ती गेलीच. आज चुंबकीय पदार्थांवरचं माझं काम लोक वाचतात, तरी नवा विद्यार्थी मशीनकडे निघाला की झाशीच्या त्या जुन्या वळणाच्या मराठीत सर माझ्या कानाशी बोलतात. मी दचकते. मग त्याला म्हणते, "जा, हात लाव."

गेल्या आठवड्यात पत्र आलं. सरांचा गौरव-अंक निघतोय, माजी विद्यार्थ्यांनी कृतज्ञतेचे चार शब्द लिहावेत. माझं नाव म्हणे सरांनीच सुचवलं.

तर संपादक महाशय, हा माझा मजकूर. सरांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. छापायचा तर अख्खा छापा. नाही छापलात तर दुसरीकडे छापून आणेन, पण यातला एकही शब्द बदलून मिळणार नाही.