रेडिएटरवरचा रंग

दिल्लीत छावणीत पोस्टिंग असताना युनिटच्या गाड्या माझ्या ताब्यात होत्या. मी हवालदार, हाताखाली ड्रायव्हर आणि मेकॅनिक. आता मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत कुणी लष्कराच्या लिलावातली, आमच्याकडे होती तसली जुनी सहा सिलिंडरची पेट्रोल गाडी पाहिली की मला विचारतात, घ्यावी का? इंजिन दणकट आहे. चढावर रडत नाही, पेट्रोल मात्र घटाघटा पितं. आणि तापतं. पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचेतो गरम झालेलं असतं. म्हणून रेडिएटरच्या जाळीतून हवा खेळती लागते.

आमच्याकडे इन्स्पेक्शन आलं की झाडांना गेरू, दगडांना चुना आणि टायरना काळा रंग. एका वर्षी कॅप्टन साहेबांनी अशाच एका गाडीच्या रेडिएटरची जाळीही रंगवायला लावली. ब्रशने, जाड दोन हात.

"साहब, हवा रुकेगी."

"हवालदार, इन्स्पेक्शन में हवा दिखती है क्या?"

गाडीचं कौतुक झालं. रंग खरवडायची परवानगी मागितली, तर म्हणाले, बडे साहब पुन्हा येणार आहेत, राहू दे. अजून डोकं फिरतं.

मे महिन्यात फायरिंग रेंजवर शिपाई सोपान गायकर उष्माघाताने कोसळला. त्याला याच गाडीत घालून हॉस्पिटलकडे निघालो. वाटेत ट्रॅफिक तुंबलेला. तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला, बॉनेटमधून वाफ आली, इंजिन बंद पडलं. मी वायरलेस उचलला.

"कंट्रोल, गाडी उबल गयी. दूसरी भेजो. ओव्हर."

"वेट. आउट." म्हणजे थांबा, नंतर कळवू.

पाण्याचा जेरीकॅन एकच होता. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं.

"इंजिन में डालूँ?"

"नहीं. सोपान पे."

सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. रस्त्यात आडवा उभा राहून एक टेम्पो थांबवला. हॉस्पिटलच्या फाटकात पोचलो तेव्हा सोपान गेलेला होता.

त्याचे वडील आले. कॅप्टन साहेबांनी त्यांना गाडी दाखवली. म्हातारा बॉनेटवरून हात फिरवत मला म्हणाला, "गाडी तर कोरी करकरीत दिसतीय, सायेब. मग पोचली का नाही?"

साहेबांनी डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. मी बॉनेट उघडलं, जाळी दाखवली आणि सगळं सांगितलं. सोपानच्या वडिलांनी नखाने रंगाचा एक पोपडा काढला. "एवढ्यासाठी माझा सोपान?" म्हणाले.

मी सॅल्यूट ठोकला. साहेबांना नव्हे, सोपानच्या बापाला.