आभार मानले आणि सासूबाई निघाल्या

परवा गुरुवारी संध्याकाळी कंपनीतून बजाजनगरला घरी आले, तर दारातच आत्याबाईंची पिशवी भरून ठेवलेली. वर घडी घातलेलं नऊवारी, बाजूला गोळ्यांचा डबा. 

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. दौलताबादजवळच्या आमच्या गावात त्यांची हयात गेली, सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या. मी आणि नवरा दोघंही नोकरीवाले, त्यामुळे खरं सांगायचं तर घर त्याच चालवतात.

"उद्या धाकट्याकडं जाते, हर्सूलला," एवढंच म्हणाल्या आणि टीव्हीकडे तोंड करून बसल्या. टीव्ही बंद होता.

आता झालं काय होतं... गेल्या आठवड्यात आमच्या कंपनीत एक सेशन झालं. रोज कृतज्ञता व्यक्त करा, आनंदी राहाल, सुरुवात घरातून करा, वगैरे. मला जाम पटलं. कारण माझी तेव्हा नुसती चिडचिड चालली होती... ट्रॅफिकवर, साहेबांवर, पोरीच्या अभ्यासावर. म्हटलं, करून तर बघू.

मग काय, मी सुटलेच. सकाळी चहा हातात आला, "थँक्यू आत्याबाई." डब्याला धपाटे दिले, "थँक्यू हं आत्याबाई." पोरीची वेणी घालून दिली, परत थँक्यू. एकदा तर चक्क हात जोडून "तुमचे फार उपकार आहेत" म्हणाले.

नवऱ्यालाही म्हणून बघितलं. तो म्हणाला, "काय पाहिजे?" त्याचं सोडा.

आत्याबाई मात्र गप्प गप्प होत गेल्या. मला वाटलं, भारावल्यात! मी आपली स्वतःवरच खूश. मैत्रिणींनासुद्धा सांगून टाकलं की अगं, फार फरक पडतो, तुम्ही पण करा... माझं शहाणपण बघा!

तर गुरुवारी ती पिशवी बघितली आणि मी त्यांच्या मागेच लागले. काय चुकलं, कुणी काही बोललं का, दहादा विचारलं. शेवटी एकदाच्या बोलल्या.

"मी काय येडी नाय. आमच्या गावात साखरपुडा असो का शाळेचं गॅदरिंग... सगळं झालं की एक जण उठून आभार मानतो. त्यानं आभार मानले की आपण समजायचं, आता उठा. तू तर लई दिवस झाले आभारच मानू राहिली माय. मंग मी उठू नको तर काय करू?"

आधी मला हसूच आलं. मग त्यांच्याकडे पाहिलं, तर डोळे भरलेले. म्हणजे आठवडाभर ही बाई, आपण या घराला जड झालो असं समजून धपाटे थापत होती... आणि मी वर थँक्यू म्हणत होते! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सॉरी म्हणणार होते, तेवढ्यात जीभ चावली. म्हटलं, नको बाई, एका इंग्रजी शब्दानं एवढं रामायण झालंय.

तशीच त्यांच्या पायाशी बसले आणि तोंडात आलं ते बोलत सुटले. तुम्ही गेलात तर मला दारात कोण विचारणार, आज उशीर का झाला म्हणून? ताप आला की पोरगी माझ्याआधी तुमच्या कुशीत शिरते. मी कंपनीत मान खाली घालून निवांत काम करते, ते घरी तुम्ही आहात म्हणून... बोलता बोलता रडायलाच लागले. आणि खरं सांगू? हे सगळं त्या क्षणी मलाही पहिल्यांदाच नीट कळत होतं. इतके दिवस थँक्यू म्हणत होते, पण नेमकं कशाबद्दल, ते कुठं माहीत होतं!

"मंग असं सरळ सांगावं की," म्हणत त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. चांगलं खसाखसा, पोरीचं पुसतात तसं. "मला वाटलं, मला पाव्हणी समजू राहिली." आणि पिशवी उचलून स्वतःच आत घेऊन गेल्या.

काल सकाळी मी पोहे केले. आत्याबाईंनी एक घास खाल्ला, ताटली बाजूला सरकवली. "पोहे हायेत का भुस्सा गं? इतकी वर्षं झाली लग्नाला, अजून भिजवता येईनात व्हय?"

तेव्हा लक्षात आलं... अख्ख्या आठवड्यात त्यांनी मला एका शब्दानं टोकलं नव्हतं. पाहुण्यासारख्या मुकाट जेवत होत्या. नावं ठेवायलाही माणूस हक्काचं लागतं ना!

काय सुख वाटलं म्हणून सांगू... तशीच ओट्याकडे वळले आणि मनातल्या मनात देवाला थँक्यू म्हटलं. मोठ्यानं म्हणायची आता आपली हिंमत नाही.