डायरीतला शे

आमच्या हिच्या छातीत धडधड व्हायला लागली, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या नाहीत. म्हणाल्या, "मनात साठवून ठेवता सगळं. रोज थोडं लिहून काढत जा." मी वाटेत हसलो, पण हिनं ते मनावर घेतलं. ऑफिसात नव्या वर्षाच्या डायऱ्या यायच्या, त्यातली एक मीच तिला आणून दिली. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळलं.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पंचवटीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही राहायचो. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, चहा झाला, पोरं खेळायला पळाली की तक्रारींची वेळ. म्हणजे हिनं सांगायचं आणि मी पेपराआडून 'हं' म्हणायचं. नळाला पाणी नाही, वरच्या बाईंचं धुणं आमच्या दोरीवर. मला वाटायचं, काय ही कटकट! आता चहा झाला की ती डायरी उघडायची. लिहून झालं की चेहरा असा, जणू आत्ताच देवदर्शन करून आली. मग पोळ्या लाटताना गुणगुणणं. तक्रार एकही नाही.

शेवटी मीच विचारलं, "नळाला पाणी आलं का आज?"

"आलं असेल."

"आणि वरच्या बाईंचं धुणं?"

"असू दे हो. लिहून टाकलं मी ते."

पुरुषाला सवत येत नाही म्हणतात. मला आली. रेक्झिनच्या कव्हरची.

इरेला पेटून मीही डायरी लिहून पाहिली. पण माझी नोकरी आवक-जावक विभागात. पहिल्या दिवशी लिहिलं, 'सकाळी चहा प्राप्त. सौ. यांचेकडून उत्तर अप्राप्त. स्मरणपत्र द्यावे.' यानं मन हलकं होतं असं ज्याला वाटत असेल, त्यानं खुशाल लिहावं.

"माझं वाचायचं नाही हं," तिनं बजावलं होतं, आणि मी हातही लावला नाही. पण साहेबांच्या टेबलापलीकडे उभं राहून उलटा कागद वाचणं ही आमच्या खात्यातली कला. बदल्या आम्हाला अशाच आधी कळायच्या. तेव्हा चहा पीत समोर बसलं की डोळे आपोआप तिकडे वळायचे. तिचं अक्षर मुंग्यांसारखं. बाकी काही लागत नव्हतं, एक शब्द मात्र लागला. शे. इथे शे, तिथे शे, जवळजवळ प्रत्येक ओळीच्या टोकाला शे!

कारकुनाला सुटं अक्षर म्हणून दिसतच नाही. मु. पो. म्हणजे मुक्काम पोस्ट, ता. म्हणजे तालुका. तसा शे. म्हणजे कोणीतरी असणारच. किराणावाले शेठ? ते साठीचे, वर दमा. मग उरला शेजारी.

शेजारी सातपूरला कारखान्यात होता. अविवाहित. नवी कोरी स्कूटर. हिला "वहिनी" म्हणायचा आणि मामाच्या बागेतली द्राक्षं आणून द्यायचा. आजवर त्यातली निम्मी मीच संपवत आलो होतो. त्या आठवड्यात हिनं घड धुऊन पुढे ठेवला, तर मी म्हणालो, "आंबट आहेत."

"अहो, तोंडात तरी घाला आधी!"

स्कूटरवाला जिन्यात भेटला की मी चपलेचा अंगठा तपासत खाली बघायचो.

अशात सासूबाई आल्या. त्या सटाण्याकडच्या. माझ्याशी मात्र अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. जावयासमोर शहरी बोलायचं ही त्यांच्याकडची रीत. मी सासुरवाडीला पाऊल टाकलं की तिथलं अख्खं घर शुद्ध व्हायचं.

रविवारी मी भाजी घेऊन जरा लवकर परतलो. दारात चपला काढत होतो, तर स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला.

"दूध कोठे शे?"

"फडताळमा शे, माय," ही म्हणाली.

"आनि तुनी धडधड कशी शे?"

"आते बरी शे."

मेथीची जुडी हातात घेऊन मी उंबऱ्यातच थबकलो. शे म्हणजे आहे! इतके दिवस मी 'आहे'वर जळत होतो.

शेजारी सुटला. पण जळणं काही थांबेना. आत ही बोलत होती ते भरभर, मोठ्यानं, हसत, मधेच आईला दटावत. ही बाई माझ्या ओळखीची नव्हती. हा आवाज आधी डायरीनं घेतला, आता सासूबाई घेत होत्या. माझ्या वाटणीला नुसतं शुद्ध मराठी.

सासूबाईंनी मला पाहिलं. "या जावईबापू, आपण कधी आलात?" असं त्या म्हणाल्या आणि घर पुन्हा 'आहे'वर आलं.

त्या गेल्या त्या संध्याकाळी हिनं डायरी उघडली. मी पेपराची घडी घातली.

"अगं, आज मला सांग की."

"काय?"

"नळाचं, धुण्याचं. तुमच्याकडच्या बोलीत."

ती बघतच राहिली. "लग्नात मावशीनं बजावलं होतं, शहरात चाललीस, 'आहे' म्हणायचं. आणि तुम्हाला समजणार नाही ते."

"नाही समजलं तर विचारीन."

"पण आमच्या बोलीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मग सगळं सांगावंच लागलं. उलटं वाचणं, शे., स्कूटर. हसता हसता तिला ठसका लागला. "म्हणून द्राक्षं आंबट होय! बिचारा तो!"

मी रुसून बसलो. तिनं डोळे पुसले, पेनाचं टोपण काढलं आणि चांगल्या ठळक अक्षरांत एकच ओळ लिहिली. मग डायरीवरचा हात बाजूला घेतला. मी उलटं वाचलं: 'हाऊ माणूस येडा शे.'

"हाऊ म्हणजे?"

"हा."

"आणि येडा?"

"ते तुम्हाला चांगलं माहीत शे," ती म्हणाली.