व्हर्ना कुचेराने भोंगा बंद केला तेव्हा

व्हर्ना कुचेराला राग आला की आम्हा शिक्षकांच्या खोलीत कोलाचे यायचे. गोल, मऊ पाव, मधल्या खळग्यात गोड सारण. राग आला की ती घरी जाऊन पीठ तिंबायची, आणि राग तिला रोजच यायचा, त्यामुळे प्लम फोर्कच्या शाळेतले आम्ही सगळे मास्तर चांगले गुबगुबीत होतो. सारणावरून रागाची जात कळायची. जर्दाळू असेल तर मुलांनी निबंधात माती खाल्ली. आलुबुखार असेल तर मुख्याध्यापक काहीतरी बोलले. खसखस मात्र क्वचित. खसखस दिसली की आम्ही दोन-दोन उचलून मुकाट्याने आपापल्या वर्गात पळायचो.

त्या ऑगस्टमध्ये आठवडाभर रोज खसखस आली.

झालं असं. शेवटच्या वर्षातल्या मुलांना व्हर्ना आमच्याच शाळेत बसून कॉलेजचं इंग्रजी शिकवायची. मुलं पास झाली की त्याचं क्रेडिट थेट कॉलेजात जमा. पुढे तो विषय पुन्हा घ्यायला नको, त्याची फी भरायला नको. वीस वर्षं हे सुरळीत चाललं होतं. मग कॉलेजातल्या कुणाला तरी जाग आली आणि फर्मान निघालं : हा विषय शिकवणाऱ्याने इंग्रजीतच पुढचं शिक्षण घेतलेलं हवं. व्हर्नाचं पुढचं शिक्षण होतं शिक्षणशास्त्रात. म्हणजे शिकवावं कसं हे ती शिकली होती, हाच तिचा गुन्हा! आता कॉलेजचे एक पीएच.डी. झालेले डॉक्टर पडद्यावरून पाच शाळांना एकदम शिकवणार होते. मी शेजारच्या वर्गात इतिहास शिकवतो. राजेरजवाड्यांचा बराच मूर्खपणा मी फळ्यावर लिहिलाय, पण हा त्या सगळ्याच्या वर.

आणि पुढची गंमत ऐका. वर्गात कोणी मोठं माणूस हवं, म्हणून पडदा सुरू करायला आणि बंद करायला नेमलं कुणाला? व्हर्नाला.

"म्हणजे शिकवायला मी नालायक, आणि बटण दाबायला लायक?" तिने मुख्याध्यापक डेल ओस्टरगार्डला विचारलं. मधली भिंत पातळ आहे, पण त्या दिवशी ती जाड असती तरी ऐकू आलं असतं.

"तसं नाही गं व्हर्ना. मुलांनी गडबड करू नये, एवढंच बघायचं."

"गडबड त्या पडद्यातून येतेय, डेल. मुलं बिचारी झोपलीयेत."

खोटं नव्हतं ते. डॉक्टरसाहेब बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थिजायचे, आवाज बुडबुडत राहायचा. मुलांनी त्यांचं नाव 'मासा' ठेवलं.

दुसऱ्या आठवड्यात ब्रेना व्होंड्रा त्या वर्गातून उठली. सडपातळ, हट्टी मुलगी. तिला नर्स व्हायचं होतं. घरी कमावणारी एकटी आई, त्यामुळे शाळेत उरकेल तेवढं कॉलेज तिला शाळेतच उरकायचं होतं.

"मिसेस के," ती म्हणाली, कारण मुलांनी कुचेराचं नुसतं 'के' केलं होतं, "मी त्यांना प्रश्न विचारला. त्यांनी दुसऱ्याच शाळेतल्या मुलीच्या नावाने मला उत्तर दिलं. मी नाव काढून घेतलं."

"काढून घेतलंस? अगं बये, मग क्रेडिट?"

"तुम्ही शिकवा ना."

व्हर्नाने त्या रात्री पीठ तिंबलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने डेलला जाऊन सांगितलं की मे महिन्यात देशभराची एक परीक्षा असते, ती कोणीही देऊ शकतं. पाचपैकी तीन मिळाले तर तेच कॉलेज त्याच विषयाचं क्रेडिट देतं. आणि ती परीक्षा विचारत नाही, तुम्हाला शिकवलं कुणी.

मग वर्षभर शाळा भरण्याआधी स्वयंपाकाच्या वर्गात तिची शिकवणी चालली. ब्रेना आणि आणखी पाच जण. नेब्रास्काचा हिवाळा, बाहेर बर्फ, आत भट्टी पेटलेली, आणि व्हर्ना ओरडतेय, "कोडी, हे वाक्य आहे की चुरगळलेला रुमाल?" पण ब्रेनाकडे ती जरा जास्तच रोखून बघायची. बाकीच्यांनी पडद्याचा वर्ग सोडला नव्हता. हिच्या हातात मात्र मे महिन्याशिवाय काही नव्हतं.

परीक्षा आली बुधवारी. महिन्याचा पहिला बुधवार. दर महिन्याला त्या दिवशी अकरा वाजता आमच्या गावात वादळाचा भोंगा वाजवून बघतात. आणि भोंगा आहे अग्निशामक दलाच्या छपरावर, शाळेच्या जिमच्या, म्हणजे खेळांच्या हॉलच्या, बरोबर समोर. जिममध्ये परीक्षा! विषय शिकवणाऱ्याला परीक्षेच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी, म्हणून व्हर्ना भोंग्याकडे वळली. कोलाच्यांचा डबा धरायला मला बरोबर नेलं.

दलाचा प्रमुख लुमीर सेडलॅक. तसा तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो.

"लुमीर, आज तो वाजवायचा नाही."

"अगं, पहिला बुधवार आहे."

"कॅलेंडर वाचता येतं मला. समोर माझी पोरं निबंध लिहितायत."

"आणि वादळ आलं तर?"

"आलं तर वाजव. नाही आलं तर गप्प बस."

"व्हर्ना, नियम आहे गं वरून..."

हा शब्द काढायला नको होता.

"नियम? या वर्षात माझ्यासमोर पुन्हा नियम म्हणालास, तर त्या भोंग्यात तुलाच कोंबीन आणि तुझा आवाज गावाला ऐकवीन!"

"मिलो, तू तरी सांग हिला."

"मी फक्त डबा धरायला आलोय," मी म्हणालो.

व्हर्नाने घडीची खुर्ची उघडली आणि बटणासमोर ठाण मांडलं. लुमीरने डब्यात हात घातला. खसखस बघून तो काय समजायचं ते समजला. अकरा वाजले, उलटले, आकाश निरभ्र आणि गाव गप्प. मग फोन सुरू झाले. भोंगा बिघडला का? कॅफेतले म्हातारे भोंगा झाला की घरी जायला उठतात, ते अजून बसलेलेच होते आणि मालकीण वैतागली होती. व्हर्ना खुर्चीत अशी बसली होती, जणू किल्ला जिंकलाय.

मुलं बाहेर आली. ब्रेनाचा चेहरा पांढरा पडला होता.

"मिसेस के, आज भोंगा का नाही वाजला?"

"मी वाजू दिला नाही," व्हर्ना ऐटीत म्हणाली.

"तुम्ही?" ब्रेना तिच्याकडे बघतच राहिली. "अहो, आम्ही त्याचीच वाट बघत होतो! आमची घड्याळं दारातच काढून घेतली. जिमचं घड्याळ ऑक्टोबरमध्ये व्हॉलीबॉलने फुटलं, ते अजून फुटलेलंच आहे. आम्ही ठरवलं, काळजी कशाला, पहिला बुधवार आहे. भोंगा झाला की तिसरा निबंध सुरू करायचा. मी दुसऱ्यालाच घोळवत बसले, आणि पहाऱ्यावर बसलेले कोच म्हणाले, दहाच मिनिटं राहिली."

"भोंग्याने तुम्ही दचकला असता," व्हर्ना हळूच म्हणाली.

"भोंग्याने कोण दचकतं? जन्मल्यापासून ऐकतोय."

लुमीर शहाणा माणूस. त्याने तोंडात दुसरा कोलाचा घातला आणि ते बंद ठेवलं.

नंतर उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत आमच्या खोलीत काहीच आलं नाही. ना जर्दाळू, ना आलुबुखार. तिचं स्वतःवरचं रागावणं असं कोरडं असेल, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मग राग मीच केला. भिंतभर पडदा घ्यायला शाळेजवळ पैसे होते, भिंतीवरच्या घड्याळाला नव्हते! डेलला मी हे तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, पैशांची खाती वेगवेगळी असतात. अशा वेळी मला पीठ तिंबता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

जुलैत निकाल लागला. व्हर्नाचं परसदार माझ्या कुंपणाला लागून आहे. ती टोमॅटोच्या वाफ्यात वाकलेली असताना ब्रेना सायकल आडवी टाकून धावत आली.

"तीन!"

"तीन? अडीच निबंधांत?"

"दोन आणि एक परिच्छेद, मिसेस के."

व्हर्ना वाफ्यातच बसली. "आणि बाकीचे?"

"दोघांना मिळाले. कोडी आणि बाकी दोघं राहिले."

कॉलेजने ब्रेनाला तो विषय माफ केला. जो विषय शिकवायला व्हर्ना नालायक, तोच विषय तिच्याकडून शिकलेल्या पोरीला तिथे पुन्हा शिकायची गरज नाही! त्या कॉलेजात यावर एकही माणूस हसला नाही, की लाजलाही नाही. व्हर्नाही हसली नाही. "कोडी चांगला लिहितो," एवढंच म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून पीठ आपटल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

ऑगस्टमध्ये डेल तिच्या दारात आला. "व्हर्ना, या वर्षीही पडद्यापाशी..."

"नाही. बटणाला दुसरा माणूस शोध. मुलाखती घे हवं तर. मी सकाळी शिकवणार. आणि जिमला घड्याळ हवं."

"त्याचं खातं..."

तिने खसखशीचा डबा पुढे केला. "खा."

त्याने एक कोलाचा खाल्ला.

"आता जा आणि घड्याळ आण."

घड्याळ आलं, पण एवढ्या उंच चढायला शाळेकडे शिडी नव्हती. शेवटी लुमीर अग्निशामक दलाची शिडी घेऊन जिममध्ये आला. तो वर लोंबकळतोय आणि व्हर्ना खाली कमरेवर हात ठेवून ओरडतेय.

"वाकडं आहे! डावीकडे! तुझी डावी, लुमीर!"

घड्याळ सरळ झाल्यावर त्याने वरूनच विचारलं, "मग मे महिन्यात भोंगा वाजवू ना गं?"

"वाजव. आणि वेळेवर वाजव. नेहमी दोन मिनिटं उशीर करतोस तू."