काशीत सोडलेला नेचा

आम्ही काशीहून परतल्यापासून माझे मेहुणे सदाशिवराव सांगलीभर सांगत सुटले आहेत की मी गंगामाईला फसवले. त्यांचे ऐकून ज्यांनी माना डोलावल्या, त्यांच्यासाठी हे लिहितो. घाटावर मी होतो, ते नव्हते.

चैत्रात मी आणि माझी पत्नी मालती काशीस पोहोचलो. अहिल्याबाई घाटामागच्या गल्लीत विमलताईंकडे उतरलो. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या तेथलेच. पहिल्या सकाळी स्नान आटोपताच गुरुजींनी विचारले, "काय सोडणार?" काशीत आवडीचा एखादा पदार्थ जन्मभरासाठी सोडायचा असतो. मालतीने तत्काळ फणस सोडला. माझा जीव वांग्यात अडकला.

"भाऊ, जल्दी बोला, गुरुजी कधीचे रुकलेत," विमलताई म्हणाल्या.

समोर भिंतीच्या दगडांच्या ओल्या फटीत नेचा उगवला होता. "नेचा सोडला," मी म्हणालो. ही लबाडी होती. सदाशिवरावांचे तेवढे खरे. पुढचे त्यांना ठाऊक नाही.

दुसऱ्याच दिवशी मालतीचे पोट बिघडले. औषधाने उतार पडला, पण तिची अन्नावरची वासना उडाली. चार दिवस पेजेच्या दोन घोटांपलीकडे काही जाईना. भिंत धरल्यावाचून तिला उठवेना. मी घाबरलो.

पाचव्या दिवशी शेजारच्या नेपाळी बाई मायादेवी टोपली घेऊन आल्या. आत गोगलगाईसारखे गुंडाळलेले नेच्याचे कोवळे हिरवे कोंब होते. "निउरो है. भाई तराई से लाया."

मी उभा जन्म विज्ञान शिकवले, नेचा शोभेचा म्हणून शिकवला. "हा खातात?"

"अचार भी डालते हैं! मास्टर होकर नहीं जानते, बाबूजी?"

त्यांनी टोपली माझ्याच पुढ्यात ठेवली. कोंबावरची तपकिरी लव पुसायची, देठ सहज मोडेल तेवढाच घ्यायचा. "कच्चा कभी नहीं," त्यांनी बजावले. त्यांनी कोंब उकळून पाणी ओतून दिले, मग मोहरीच्या तेलात मेथीदाणे आणि सुकी मिरची टाकून परतले. त्या वासाने मालती उठून बसली. भाताबरोबर एक वाटी संपवून तिने दुसरी मागितली.

"तुम्हीही घ्या ना," ती म्हणाली. मग तिलाच आठवले आणि इतक्या दिवसांनी ती हसली. "आता बसा नुसते पुसत!"

विमलताईंनी पळवाट काढली. "भाऊ, तुम्ही भिंतीवरचा सोडलात. हा अलग आहे. खाऊन टाका."

"नेचा तो नेचा," मी म्हणालो. एवढे विज्ञान मला येते.

पुढचे तीन दिवस मी मालतीसाठी कोंब पुसले. चौथ्या दिवशी ती कोणाच्या हाताशिवाय घाटाच्या पायऱ्या उतरली. निघताना मायादेवींनी निउरोच्या लोणच्याची बरणी दिली. मी वाकून नमस्कार केला. काशीत मी इतका मनापासून नमस्कार दुसऱ्या कोणाला केला नाही. देवांनी राग मानू नये.

ती बरणी आता आमच्या फडताळात आहे. मालती रोज एक कोंब घेते आणि माजघर दरवळते. मी काहीच सोडले नाही असे म्हणणाऱ्या सदाशिवरावांनी एकदा जेवायला यावे. मी स्वतः वाढीन आणि चव कशी आहे ते विचारीन. तेवढ्या एका बाबतीत मात्र ते सांगतील ते मला मानावे लागेल.