पाच, सात, नऊ, बारा आणि मागच्या सीटवरचे मामा

"मामा, बघा, दोन इंजिनं लावलीत. पुढचं बंद पडलं असणार, मागचं ढकलतंय बिचारं," मी म्हणालो.

माझे सासरे तेव्हा स्कूटरवरून उतरत होते. एक पाय रस्त्यावर, एक अजून फूटरेस्टवर. तशाच अवस्थेत ते म्हणाले, "एकच हाय ते."

मी परत मोजलं. दोन लांबलचक डबे, दोन्हींच्या टपावर तारेला टेकायची व्यवस्था, मागे न संपणारी मालाच्या वाघिणींची रांग. दोनच होती. पण मामांनी सांगितलं की हे बारा नंबरचं इंजिन. दोन भाग, दोन्हींना बाहेरच्या टोकालाच केबिन, मधे ड्रायव्हरला बसायला जागाच नाही. "दोन भाग मिळून एक. अर्धं तोडून घरी नेता येनार नाय," ते म्हणाले आणि दुसरा पाय खाली ठेवला.

मी शाळेत भूगोल शिकवतो. पुस्तकात मालवाहतुकीवर अर्धं पान आहे, आणि ते मी वीसेक वर्षं मोठ्या आत्मविश्वासाने शिकवत आलो आहे. त्या दिवशी कळलं की त्या अर्ध्या पानातलं इंजिन मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

मामा मालगाडीचे ड्रायव्हर होते. खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातले ते पहिले नोकरदार. निवृत्तीनंतर बोळिंजला चौथ्या मजल्यावर राहत होते, सासूबाई गेल्यापासून एकटे. इमारतीच्या लिफ्टचं काम निघालं म्हणून महिनाभर आमच्याकडे उमेळ्याला आले. निदान कारण तसं सांगितलं होतं. खरं कारण बायकोने मला स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या आडोशाने सांगितलं. "बाबा एकटे राहू शकतात का, ते महिनाभर बघायचंय मला. जमत असेल तर जाऊ देत परत. नाहीतर बोळिंजचं घर बंद. तुम्हीही लक्ष ठेवा."

म्हणजे मी हेर. मामांनाही ते कळलं असावं. बोळिंजला त्यांचा संध्याकाळचा कट्टा होता, चार निवृत्त ड्रायव्हर आणि एक बाक. तो सुटणं त्यांना परवडणारं नव्हतं. आमच्याकडे आल्या दिवसापासून ते स्वतःचं ताट धूत, औषधं वेळेवर घेत, जिना चढताना न मागता सांगत, "बघ, दम लागला नाय." परीक्षेला बसलेल्या मुलासारखे वागत होते, आणि परीक्षक मी असल्याने पेपर तसा सोपा होता.

शाळा सुटली की मी त्यांना स्कूटरवर बसवून नायगावचा पूल ओलांडून पलीकडे न्यायचो. वसईहून दिव्याकडे जाणारी लाइन मिठागरांच्या बाजूने जाते, तिथे एका उंचवट्यावर आम्ही बसत असू. माझी हेरगिरी अशी चालायची, आणि दोन दिवसांत ती शिकवणी झाली.

पहिला धडा इंजिनावर लिहिलेल्या अक्षरांचा. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, जी म्हणजे माल. त्यापुढे आकडा. बारा नंबरची ताकद बारा हजार अश्वशक्ती, हे ऐकून मी लगेच गणित मांडलं.

"म्हणजे नऊ नंबर नऊ हजार."

"सहा."

"मग सात?"

"पाच. आनि पाच नंबर चार हजाराला थोडी कमी. तुमी आकड्याच्या नादाला लागू नका, जावई. आकडा म्हनजे शाळेतला हजेरी क्रमांक, त्यावरून पोरगा हुशार का ढ ते कळत नाय."

हे मला पटलं. मग मधले सहा, आठ कुठे गेले, असं विचारलं. सहा नंबरची थोडी बाहेरून आणली होती, इकडे ती फिरकली नाहीत. आठाचा प्रयोग झाला आणि तिथेच राहिला. म्हणजे मालगाडीच्या इंजिनांतही नापास होणारी असतात, हे ऐकून मला जरा धीर आला.

माझी समजूत अशी की इंजिन वाढत गेलं म्हणजे ताकद वाढत गेली. मामा म्हणाले, ताकद हा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे चाक. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, मागे हजारो टन. जोर जास्त दिला की चाक जागच्या जागी फिरतं, गाडी ढिम्म. पावसात तर विचारू नका. म्हणून इंजिनात वाळू ठेवतात आणि चाकापुढे सोडतात. पाच, सात आणि नऊ यांना चाकांचे सहा आस, बाराला आठ. जितक्या चाकांवर जोर वाटला जाईल तितकी पकड चांगली. माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकाकडे मी त्या दिवशी नव्या आदराने बघितलं.

पाच आणि सात नंबरवर ते बरीच वर्षं होते. तिथे ताकद पायरीपायरीने वाढवायची, प्रत्येक पायरीला खटका. नऊ आलं आणि पायऱ्या गेल्या. मोटर बदलली, आतले घासणारे भाग गेले, आणि सुटताना इंजिनाचा आवाज सुरात चढू लागला. "पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं काहीतरी बिघडलंय," मामा म्हणाले. "मी खाली उतरून बघायला चाललो व्हतो."

मला सर्वांत आवडलं ते नऊचं उतारावरचं वागणं. गाडी उतरताना ब्रेक लावला की मोटरच वीज तयार करते आणि ती वरच्या तारेत परत जाते. एक उतरणारी गाडी दुसऱ्या चढणाऱ्या गाडीला हातभार लावते. मी घरी येऊन हे बायकोला इतक्या उत्साहात सांगितलं, जसं काही मीच शोधलंय. तिने पापलेट साफ करता करता विचारलं, "आणि तेव्हा चढणारी गाडी नसली तर?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामांना विचारलं. ते खूश झाले. "पोरगी माझी हाय," म्हणाले. मग ती वीज सबस्टेशनमधून पुढे जाते म्हणे. प्रश्न तिचा, उत्तर त्यांचं, मी मधली तार.

एक गोष्ट मात्र त्यांनी हसत सांगितली नाही. पूर्वी विरारपर्यंत मुंबईकडची वीज वेगळी, डीसी, आणि विरारच्या पुढे एसी. त्यांचं इंजिन एसीवरचं. गुजरातेकडून माल घेऊन यायचं आणि विरारला थांबायचं. पुढच्या तारेखाली ते चाललंच नसतं. पुढे माल दुसरं इंजिन न्यायचं, आणि मामा आपली पेटी उचलून घरी जायचे. "घर विरारच्या अलीकडं, वसईच्या खाडीला. माझं इंजिन माझ्या गावावरून कधी गेलं नाय. तार बदलली तवर माझी नोकरी सरत आली व्हती."

या शिकवणीबरोबर मला एक सवयही लागली. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकाने हात वर करून रंग मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तोच रंग परत सांगायचा. पण ऐकून नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघून. मामा मागच्या सीटवरही हे पाळत. वाटेत एका नाक्यावर सिग्नल होता, तिथे पहिल्या दिवशी माझ्या कानाशी "लाल" असं आलं तेव्हा मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मग मीही "लाल" म्हणू लागलो. नाक्यावरचे लोक बघत, पण शिक्षकाला बघणाऱ्यांची सवय असते.

दुसऱ्या आठवड्यात क्रम बदलला. मामा गप्प राहू लागले. मी आधी बोलायचो, ते मागून परत सांगायचे. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "आता मी ड्रायव्हर. मामा असिस्टंट. मला बढती मिळाली."

"पगार वाढला का?" ती म्हणाली.

बढतीचा खरा अर्थ तिसऱ्या आठवड्यात कळला. पुलावरून उतरताना मला दूरवर बारा नंबर येताना दिसलं. आता मी ते एकच मोजत होतो, त्यामुळे जरा जास्तच टक लावून बघत होतो. नाका आला. मी सवयीने म्हणालो, "हिरवा."

मागून आवाज आला, "हिरवा."

पुढे रिक्षाचा हॉर्न वाजला. मी ब्रेक दाबला, स्कूटर झेब्रा पट्ट्यांवर जाऊन थांबली. समोर लालभडक दिवा. रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "काका, लाल आहे. एकाला नाही दिसला, समजू शकतो. दोघांना?"

दोघांना. हा शब्द मला लाइनपर्यंत पुरला.

उंचवट्यावर बसलो. बारा निघून गेलं होतं. थोड्या वेळाने एक हिरवं इंजिन आलं, पिवळ्या पट्ट्याचं, वेग घेताना चढत्या सुरात. मी विचारलं, "मामा, हे कुठलं?"

"नऊ."

"आणि वर लिहिलेला नंबर काय आहे?"

त्यांनी चेहरा मिठागरांकडे वळवला. "तेवढं वाचून काय करायचं," म्हणाले.

मला तेव्हा कळलं की इतके दिवस ते इंजिनं कानाने ओळखत होते. मी बघत होतो आणि ते ऐकत होते.

"उजव्या डोळ्यात धूर हाय," ते शेवटी म्हणाले. "डावा बरा व्हता. आता त्यातपन." डॉक्टरकडे का नाही गेलात, असं मी विचारलं. नोकरीत असताना ठरावीक काळाने डोळे तपासत, आणि नापास झालेला माणूस इंजिनावरून उतरे. त्यांच्या जोडीदाराला तसं उतरवून कचेरीत टेबल दिलं होतं. तो खिडकीतून जाणाऱ्या गाड्यांना हात करायचा. "ते बघितल्यापासून डोळ्याच्या डॉक्टरकडं जायला पाय उचलत नाय. आनि आता डॉक्टरचं लिवून आलं तर पोरगी बोळिंजला पाठवनार नाय. चार दिवसात लिफ्ट चालू व्हनार हाय. तुमी काय बोलू नका."

मी हेर म्हणून नेमलेला, आणि आता ज्याच्यावर नजर ठेवायची तोच मला फितवत होता. मनात होतं तेच तोंडून गेलं. "मामा, तुम्ही न बघता परत बोललात."

ते चिडतील असं वाटलं. पण त्यांचा चेहरा पडला. "ऐकून बोललो," ते म्हणाले. "सतत तुमचं ऐकून बोलतोय. आज दोन मानसं मेली असती." मग उठले, पँट झटकली. "चला. तुमी सांगू नका. मीच सांगतो."

घरी आल्यावर बायको अंगणात अबोलीचे गजरे करत होती. तिच्यापुढे ते ताठ उभे राहिले आणि कामावरच्या माणसाने अहवाल द्यावा तसं म्हणाले, "दोन्ही डोळे. उजवा जास्त. दोन महिने झाले. आज नाक्यावर लाल व्हता, आमी दोघं हिरवा म्हनालो."

ती ओरडली नाही. हातातला दोरा सुटू नये म्हणून दाताखाली धरला, फोन घेतला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मिळवली.

मोतीबिंदू निघाला, दोन्हीकडे. आधी उजवा करायचा ठरला. मामांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "ड्यूटी किती दिवस बंद?" डॉक्टर म्हणाले, कसली ड्यूटी आजोबा. मामा म्हणाले, "एकटं राहायची." डॉक्टरांनी माझ्या बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, दिसायला लागल्यावर का नाही राहणार? तिने ऑपरेशनची तारीख लिहून घेतली. थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी दोन मिनिटं उशिरा आलो तर पेशंट घड्याळ दाखवायचा.

डोळ्यावरची हिरवी पट्टी गेल्यावर मी त्यांना लाइनवर घेऊन गेलो. नऊ आलं. ते उभे राहून कपाळावर हात धरून बघत राहिले. नंबर वाचला, पाचही आकडे, सावकाश. मग म्हणाले, "हे एवढं हिरवं असतं? मला वाटायचं रंग उडालेत सगळ्यांचे." आणि मग आवाज ऐकायला डोळे मिटून घेतले.

डावा डोळा पुढच्या महिन्यात करायचा होता. एव्हाना लिफ्ट सुरू झाली होती. बायकोने स्वतः त्यांची पिशवी भरली, थेंबांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावायला दिलं, आणि ते रिक्षात, आम्ही दोघं मागे स्कूटरवर, असे त्यांना बोळिंजला सोडून आलो. कट्ट्यावरचे चौघंही खाली उभे होते. मामांनी आमच्याकडे वळून बघितलंही नाही.

परत येताना बायको माझ्या मागे बसली होती. वडिलांना एकटं सोडून आली, वाईट वाटत असेल, म्हणून मी स्कूटर हळू चालवत होतो. एका सिग्नलला थांबलो. लाल होता. मी कुणाला रंग सांगितला नाही.

तेव्हा ती मागून म्हणाली, "त्या दिवशी बाबांना मोतीबिंदू होता. तुम्हाला काय झालं होतं?"