केसरने हुंगलेली बुरशी

माझी सून केसर सुकी मासळी विकते. मुरुडच्या आमच्या कोळीवाड्यात तिच्या नाकाला मोठा मान. पावसाळ्यात बोंबलांच्या गोण्यांना ओल लागली की बायका तिलाच बोलवायच्या. केसर गोणीत तोंड घालून दम भरून वास घ्यायची आणि निकाल द्यायची, ऊन दाखवा नाहीतर फेका.

मग तिच्या किडन्या गेल्या. माझ्या सदाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आपली एक दिली. अंगाने ती परकी म्हणून हाकलू नये यासाठी अशा गोळ्या देतात, की अंगातले राखणदारच पेंगायला लागतात. गर्दी, धूळ, बुरशी टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. केसरने बाजार सोडला, लग्नं सोडली. गोण्या मात्र घरी येत राहिल्या. बोंबलावरच्या पांढऱ्या भुऱ्याला बुरशी म्हणतंय कोण? आम्ही म्हणतो बोंबील म्हातारा झाला, आणि झटकून टाकतो.

श्रावणात तिला ताप भरला, खोकल्यातून रक्त पडलं. सदाने तिला मुंबईला नेलं, मीही गेले. तिथल्या सुचिताबाई डॉक्टरांनी छातीचा स्कॅन काढला, नळी घालून फुप्फुस धुतलं आणि ते पाणी तपासलं. फुप्फुसात बुरशी धरली होती. आवरली नाही तर केसरही जाईल नि किडनीही, असं त्यांनी सदाला बाजूला घेऊन सांगितलं. मग केसरला विचारलं, काम काय करता? तिने नाकाचं सगळं कौतुक सांगितलं.

"म्हणजे तुम्ही बुरशी हुंगता?"

"न्हाय गं बाय, बोंबील हुंगते. बुरशी फुकट येते."

मला रडू येत होतं, ते हसू होऊनच बाहेर पडलं. नर्सने मला दाराबाहेर काढलं.

बुरशीचं औषध सुरू झालं. त्याने किडनीच्या गोळ्यांचा जोर वाढतो म्हणे, म्हणून त्या कमी केल्या आणि सारखं रक्त तपासत राहिले. दिवाळीत केसर भाकरी मागून खायला लागली. शिमग्याच्या तोंडावर बाई स्कॅन बघून हसल्या. डाग गेला होता, किडनीही शाबूत. धंदा करा, म्हणाल्या, पण गोणी दुसऱ्याने उघडायची.

आता गोण्या सदा उघडतो, झटकतो, हुंगतो. केसर लांब ओटीवर बसून हुकूम सोडते.

परवा तो वैतागला. "किडनी देऊन वर हमाली पण मीच करायची?"

"किडनी एकच दिलीस," केसर म्हणाली. "हात दोन्ही हायत ना तुझे?"